शाळेने ‘जागा नाही’ म्हटलं, तर पुढे काय करायचं?

मे-जूनमध्ये नाशिकच्या कुठल्याही नावाजलेल्या हायस्कूलच्या ऑफिसबाहेर थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं : “जागा नाही.” कधी त्याला “पुढच्या वर्षी बघू”ची जोड असते, कधी “साहेब मीटिंगमध्ये आहेत”ची. पालक मुलाचा निकाल आणि दाखला पिशवीत घालून घरी येतात आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटायला नको. नाकारलेल्या प्रवेशाविरुद्ध दाद मागता येते, त्यासाठी कायदा आहे, अधिकारी आहेत आणि त्यांच्यावरही दाद मागायची सोय आहे. मात्र या सगळ्यांना कागद लागतो. खिडकीवरच्या तोंडी ‘नाही’ची कुठेच नोंद होत नाही. उद्या शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं, तर शाळा सांगू शकते की हे पालक आमच्याकडे कधी आलेच नव्हते, आणि आपल्याकडे ते खोडून काढायला काही नसतं.

आधी अर्ज द्या

म्हणून पहिलं काम तक्रारीचं नाही, अर्जाचं. साध्या कोऱ्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रतींत. भाषा साधी ठेवा. इतकं पुरतं :

“माझा मुलगा अमुक, जन्मतारीख अमुक, याने अमुक शाळेतून सातवी पूर्ण केली आहे. आम्ही अमुक भागात राहतो. आपल्या शाळेत त्याला आठवीत प्रवेश मिळावा ही विनंती. सोबत निकालपत्र, जन्माचा दाखला व रहिवासी पुरावा जोडला आहे. प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याचे कारण कृपया लेखी कळवावे.”

शेवटचं वाक्य विसरू नका, पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. एक प्रत ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. हीच तुमची पोच. क्लार्क पोच द्यायला तयार नसेल तर वाद घालत बसू नका. पोस्टात जा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा आणि पत्र पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून त्याच फाइलला लावा. शाळेचा अधिकृत ईमेल असेल तर तिथेही एक प्रत टाका.

शाळा लेखी उत्तर देईलच असं नाही. बऱ्याचदा देत नाही. पण आठ-दहा दिवस थांबूनही उत्तर आलं नाही, तर ‘मी मागितलं आणि मला उत्तर मिळालं नाही’ हे आता तारखेनिशी दाखवता येतं. पोच घेऊन अर्ज आत गेल्यावर काही वेळा जागा निघते, असंही होतं.

मूल आठवीत जाणार की नववीत?

सगळ्यात जास्त गोंधळ या प्रश्नावर होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लोक त्याला आरटीई म्हणतात. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. नववी-दहावी त्यात येत नाही. आपल्याकडची हायस्कुलं मात्र पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी अशी एकाच इमारतीत चालतात. त्यामुळे एकाच शाळेच्या एकाच खिडकीवर आठवीला नकार मिळालेल्या मुलाच्या पाठीशी एक कायदा असतो आणि शेजारी उभ्या असलेल्या नववीच्या मुलीच्या पाठीशी दुसरे.

नाशिक जिल्ह्यात ही अडचण नेमकी याच टप्प्यावर का येते, तेही समजून घ्यायला हवं. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी-पाचवीला नाहीतर सातवीला संपतात. महापालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंत आहेत. हायस्कुलांची पोरं मात्र पाचवीपासूनच भरलेली असतात. मग पेठ-सुरगाण्याहून आईवडिलांच्या कामासाठी शहरात आलेली किंवा सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या महापालिका शाळेतून आठवी पास झालेली मुलगी जेव्हा हायस्कूलच्या दारात उभी राहते, तेव्हा वर्ग आधीच बसलेला असतो. तिची चूक काहीच नसते. व्यवस्थेतला सांधाच तिथे निखळलेला आहे, आणि तो बसवण्याची जबाबदारी सरकारची आहे, त्या मुलीची नव्हे.

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा काय काय सांगू शकत नाही, ते बघा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाही, असं म्हणता येत नाही. कलम ५ म्हणतं, दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला अडवून धरला, तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्माचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही, हे कलम १४. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, आता उशीर झाला, हेही कारण चालत नाही, हे कलम १५. मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. तसं केल्यास कलम १३ नुसार पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत. आधार कार्ड नसल्यामुळे मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर स्पष्ट झालेलं आहे.

पण एक गोष्ट पालकांना मोकळेपणाने सांगावी लागते. हा कायदा शाळेतली जागा देतो, हव्या त्याच शाळेतली जागा देईलच असं नाही. घराजवळ शाळा उपलब्ध करून देणं हे शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरलं आहे. एखाद्या शाळेचा वर्ग खरोखरच भरलेला असेल, तर अधिकारी जवळची दुसरी शाळा देऊ शकतात. तक्रार करताना ‘मला हीच शाळा द्या’ इतकंच लिहू नका. ‘ही शाळा द्या, ती शक्य नसेल तर तीन किलोमीटरच्या आतली दुसरी शाळा लेखी नेमून द्या’ असं लिहा. म्हणजे मूल घरी बसणार नाही.

दुसरी मर्यादा अल्पसंख्याक संस्थांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना आरटीई लागू होत नाही. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२५ साली हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याचं मत न्यायालयाने मांडलं, पण तोवर २०१४ चीच स्थिती धरून चालावं. शाळा निवडण्याआधी ती अल्पसंख्याक दर्जाची आहे का, हे विचारून घ्या.

नववी-दहावीला हातात काय उरतं

कमी उरतं, पण शून्य नाही.

अनुदानित शाळा सरकारी पैशावर चालते. राज्यघटनेचं कलम २९(२) सांगतं की अशा शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. ही तरतूद कुठल्याही इयत्तेला लागू आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ खाली गुन्हाच आहे. देणगीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९८७ चा कायदाही आठवीला थांबत नाही, त्यामुळे नववीच्या प्रवेशासाठी ‘डोनेशन’ मागणं तितकंच बेकायदा आहे. दाखल्याच्या बाबतीत राज्य सरकारने २०२१ साली आदेश काढून, दाखला हाती नसला तरी नववी-दहावीतही प्रवेश द्यावा, असं सांगितलं. तेव्हा पालकांकडे मागच्या शाळेची फी थकल्यामुळे दाखले अडकले होते.

दिव्यांग मुलांसाठी तर वेगळंच भक्कम कवच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे त्याच्यासाठी आठवीची रेघ नाही. मान्यताप्राप्त शाळेला ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ असं सांगून हात झटकता येत नाहीत. सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे. हे वाक्य ऐकून किती आया मुकाट्याने परत गेल्या असतील, याचा विचार केला की पोटात कालवतं.

तक्रार कोणाच्या टेबलावर

आरटीईच्या कलम ३२ मध्ये वाट आखून दिली आहे. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करायची. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

नाशिक शहरात स्थानिक प्राधिकरण म्हणजे महानगरपालिका. तिचं मुख्यालय शरणपूर रोडवर राजीव गांधी भवनात आहे, शिक्षण विभागाच्या नावे अर्ज द्यायचा. मालेगावात तिथली महापालिका. बाकी ग्रामीण भागात तक्रार पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, तिथून ती जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि शिक्षणाधिकारी माध्यमिक असे वेगळे आहेत. शहरातली खाजगी अनुदानित हायस्कुलंही माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली येतात. त्यामुळे आठवीची तक्रार महापालिकेला द्या आणि तिची प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनाही द्या. ‘हा विषय आमचा नाही, तिकडे जा’ हे ऐकण्यात जून-जुलै निघून जातो, तो वाचेल.

नववी-दहावीसाठी थेट माध्यमिक शिक्षणाधिकारी, त्यांच्यावर नाशिक विभागाचे शिक्षण उपसंचालक, त्यांच्यावर पुण्याचे शिक्षण संचालक. इथे कलम ३२ ची तीन महिन्यांची मुदत नाही, म्हणून पाठपुरावा आपणच करायचा. बालहक्क आयोगाचं दार मात्र नववीच्या मुलांनाही उघडं आहे, कारण हा आयोग २००५ च्या वेगळ्या कायद्याखाली आला आहे आणि त्याच्या लेखी अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालकच असतं.

तीन महिने ही मुदत कागदावर ठीक दिसते. सातवी पास झालेल्या मुलासाठी तीन महिने म्हणजे पहिली घटक चाचणी आणि सहामाहीची तयारी. म्हणून तक्रारीतच वेगळी ओळ घाला : ‘मुलाचे शैक्षणिक नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरता प्रवेश देण्याचे निर्देश व्हावेत.’ आणि तक्रार चालू असताना मिळेल त्या शाळेत मुलाला बसवा. दुसरीकडे प्रवेश घेतल्याने तक्रार बाद होत नाही. घरी बसलेलं मूल मात्र आठवड्यागणिक शाळेपासून दुरावतं, आणि मग मुलाला गॅरेजवर किंवा द्राक्षबागेच्या कामावर, मुलीला घरकामाला जुंपायला वेळ लागत नाही.

सुनावणीत काय विचारायचं

सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. अधिकाऱ्यांच्या दालनात एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला तुम्ही. वकील लागत नाही. आपलं म्हणणं एका पानावर लिहून न्या आणि तारखांच्या क्रमाने सांगा : अर्ज केव्हा दिला, पोच काय, उत्तर काय आलं. शाळेबद्दलचा राग साहजिक आहे, पण तिथे तारखा जास्त उपयोगी पडतात.

शाळेचं उत्तर बहुधा एकच असतं : तुकडी भरली. त्यावर तीन प्रश्न विचारा. त्या इयत्तेच्या मंजूर तुकड्या किती? आजच्या हजेरीपटावर प्रत्येक तुकडीत किती मुलं आहेत? आणि आमच्या अर्जाच्या तारखेनंतर त्या इयत्तेत किती नवे प्रवेश झाले? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. तुमच्या अर्जानंतर चार मुलांना प्रवेश दिला असेल, तर जागा होती आणि ती तुम्हाला नाकारली गेली, हे शाळेच्याच नोंदवहीतून दिसतं. मग तुम्हाला का नाही, याचं उत्तर शाळेला द्यावं लागतं.

ही माहिती आधीच हाती हवी असेल तर माहिती अधिकार वापरा. अनुदानित शाळेला तो कायदा लागू आहे, विनाअनुदानित शाळेबद्दलची माहिती शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून मागता येते. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. म्हणून हा अर्ज नकार मिळाल्याच्या आठवड्यातच टाकून द्या.

निर्णय झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ‘मी शाळेला फोन करतो, तुम्ही उद्या जा’ असं आश्वासन मिळालं, तर चांगलंच. पण त्याच दिवशी ‘आपण सांगितल्याप्रमाणे उद्या शाळेत जात आहोत’ अशी दोन ओळींची चिठ्ठी आवकला द्या.

“दाखला काढून न्या”

प्रवेश नाकारण्याचा एक प्रकार असा आहे की तो नकार वाटतच नाही. नववीत कच्चं असलेल्या मुलाच्या पालकांना शाळेत बोलावतात. सूर काळजीचा असतो : “दहावीला झेपणार नाही त्याला. दाखला काढून न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून परीक्षा देईल.” सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसण्याचा बोर्डाचा अर्ज. शाळा सुटलेल्यांना, कामावर असलेल्यांना, मोठ्या वयात शिकणाऱ्यांना तो मोठा आधार आहे. पण शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला वर्गातून उठवून तिकडे ढकलणं, हा त्या फॉर्मचा उपयोग नव्हे.

अशा वेळी काय होतं ते नीट बघा. शाळा सहसा मुलाला काढत नाही. ती पालकांकडून दाखल्यासाठी अर्ज लिहून घेते. कागदावर चित्र असं उभं राहतं की पालकांनीच स्वखुशीने मुलाला नेलं. एकदा त्या अर्जावर सही झाली की नंतरची तक्रार लंगडी पडते. म्हणून तो अर्ज लिहू नका, सही करू नका, अंगठा देऊ नका. “घरी विचारून सांगतो” म्हणून निघा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा अर्ज द्या : ‘माझ्या मुलाला याच शाळेत पुढे शिकायचे आहे. तो नापास असल्यास त्याच इयत्तेत पुन्हा बसवावे.’ नववीत शाळा मुलाला नापास करू शकते, पण नापास करणं आणि शाळेबाहेर काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवीपर्यंत तर मुलाला शाळेतून काढताच येत नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा आहे, त्यात अनुत्तीर्ण झालेलं मूल त्याच वर्गात राहील, पण शाळेतच राहील.

सही आधीच झाली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. कोणी बोलावलं, काय सांगितलं, केव्हा सही घेतली, हे तारखेनिशी लिहून लगेच शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पुन्हा प्रवेश मागा. जितके दिवस जातील तितकं ते अवघड होतं.

आणखी दोन वाटा

खाजगी विनाअनुदानित शाळांत आरटीईखाली वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे ऑनलाइन अर्ज, सोडत आणि मग कागदपत्रांची पडताळणी होते. सोडतीत नाव लागूनही पडताळणी समितीने कागदांवरून प्रवेश नाकारला, तर कारण लेखी घ्या. रहिवासी पुराव्यावरचा पत्ता आणि अर्जात नकाशावर दाखवलेलं ठिकाण न जुळणं, हे नेहमी दिसणारं कारण. २०२४ साली राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. त्यामुळे ‘आमच्याजवळ सरकारी शाळा आहे, आम्हाला २५ टक्के लागू नाही’ असं कोणी म्हटलं, तर ते ग्राह्य धरू नका.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तिथे गुणवत्ता आणि पसंतीक्रम चालतो, तक्रार संकेतस्थळावरून आणि शिक्षण उपसंचालक कार्यालयात करायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश निश्चित केला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर खरोखर हवं असलेलंच कॉलेज टाका.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो, आणि त्याच्या खर्चाच्या धास्तीनेच बहुतेक जण थांबतात. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुलाच्या आईने अर्ज केला तरी चालतं. जाताना पोच, पोस्टाच्या पावत्या, तक्रारीची प्रत आणि निर्णयाची प्रत तारखेप्रमाणे लावून न्या.